बक्षिसापुढची गोष्ट

दिवाळीच्या सुट्टीत मुलांच्या हाती काय वाचावयास द्यावे, असे पालक मला दर वर्षी विचारतात. अलीकडे त्या प्रश्नाला एक शेपूट जोडलेले असते: "मास्तर, पोराला रोबोचे वेड लागले आहे, त्यावर काही आहे का?" पुस्तके आहेत, नाही असे नाही. पण त्यांतील पुष्कळशी यंत्र कसे जोडावे ते सांगतात, नाहीतर पुढे पगार किती मिळेल ते सांगतात. यंत्र घडविताना मुलगा कसा घडतो, हे सांगणारे पुस्तक विरळा. जोशुआ डेव्हिस यांचे ‘स्पेअर पार्ट्स’ (2014) हे त्या विरळ्या जातीचे पुस्तक आहे. त्यावर 2015 साली त्याच नावाचा चित्रपटही निघाला. पुस्तकाचे मर्म कशात आहे, हे चित्रपटाने काय गाळले यावरून चटकन ध्यानात येते. म्हणून येथे दोहोंचा विचार एकत्र करतो.

हकीकत खरी घडलेली आहे. अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्यात फीनिक्स शहराच्या पश्चिमेस कार्ल हेडन नावाचे सरकारी हायस्कूल आहे. वस्ती गरिबांची. क्रिस्टियन अर्सेगा, लोरेन्झो सांतियान, ऑस्कर वास्केझ आणि लुईस अरांडा ही तेथील चार मुले. कोवळ्या वयात मेक्सिकोतून आलेली, देशात राहण्याचा परवाना नसलेली. फ्रेडी लाजवर्दी आणि अ‍ॅलन कॅमेरॉन या दोन शिक्षकांनी त्यांना पाण्याखाली चालणारा रोबो करावयास लावले आणि जून 2004 मध्ये कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथील स्पर्धेत उतरविले. स्पर्धेत दोन गट होते. शिक्षकांनी मुद्दाम वरचा, महाविद्यालयांचा गट निवडला. हरलोच तर मोठ्यांकडून हरू, त्यात लाज कसली, हा हिशेब! तेथे एम. आय. टी. ही जगद्विख्यात संस्थाही होती. तिच्या चमूला एका तेल कंपनीचे 10,000 डॉलर मिळाले होते. या चौघांचा रोबो सुमारे 800 डॉलरांत उभा राहिला. आणि पहिला क्रमांक या चौघांना मिळाला.

एवढे कथानक ऐकून कोणीही म्हणेल, की हे तर आपल्या ओळखीचे आहे. लहान मोठ्याला हरवितो, टाळ्या पडतात, पडदा पडतो. कादंबरीलेखनाच्या धंद्यात असल्यामुळे अशा शेवटांचा मोह मला ठाऊक आहे. परंतु डेव्हिस यांची खरी गोडी टाळ्यांत नाही, खटपटीत आहे. रोबोचा सांगाडा म्हणजे नळकामाचे पी. व्ही. सी. पाइप. आतल्या हवेमुळे तो तरंगतो, आणि जोडताना वापरलेल्या गोंदाच्या उग्र वासामुळे त्याचे नाव पडते ‘स्टिंकी’, म्हणजे घाणेरड्या वासाचा. बॅटरी किनाऱ्यावर ठेवण्याऐवजी मुले ती एका पेटीत घालून रोबोवरच बसवितात, म्हणजे मागची केबल बारीक राहते. ऐन वेळी त्या पेटीत पाणी झिरपते. आता पाणी टिपून घेणारे काही हवे. उपाय सुचतो तो मासिक पाळीच्या वेळी स्त्रिया वापरतात त्या टॅम्पॉनचा! ते आणावयास लोरेन्झो दुकानात जातो तो प्रसंग हसविणारा आहे. परंतु आईबापांनी तो मुलांपासून लपवू नये. साधनाला सोवळेओवळे नसते, हा धडा त्यात आहे.

दिवाळीचा किल्ला केलेल्या कोणत्याही घराला ही खटपट परकी वाटणार नाही. माती, गोणपाट, विटांचे तुकडे, फुटकी कुंडी. जे हाताशी असेल त्यातून मुले सिंहगड उभा करतात. फरक एवढाच की किल्ला उभा राहिला म्हणजे पुरते. यंत्राला चालावे लागते, आणि ते का चालते हे परक्या माणसाला सांगावे लागते.

मराठी शिकविणारा म्हणून मला पुस्तकातील ही दुसरी बाजू फार मोलाची वाटली. त्या स्पर्धेत यंत्र पाण्यात सोडण्याइतकेच महत्त्व दोन गोष्टींना होते. एक, यंत्राचा लेखी अहवाल. दुसरी, परीक्षकांपुढची तोंडी तपासणी. परीक्षक विचारतात, तुमच्यापाशी पडद्यावर दाखवावयाची चित्रे कशी नाहीत? क्रिस्टियनचे उत्तर या अर्थाचे आहे, की बोलावयाचे काय हे ठाऊक असले म्हणजे चित्रांचा आधार लागत नाही. पुढे तांत्रिक लेखनाचे पारितोषिकही याच मुलांना मिळाले, आणि इंग्रजी ही त्यांची घरची भाषा नव्हे! विज्ञानाकडे गेलेल्या मुलाला भाषेची काय गरज, असे म्हणणाऱ्या पालकांनी हे प्रकरण दोनदा वाचावे. अडले म्हणजे ही मुले दूरध्वनी करून मोठमोठ्या अभियंत्यांना शंका विचारतात, आणि ते अभियंते उत्तरे देतात. संशोधनाची पहिली पायरी हीच. आपल्याला काय येत नाही ते नेमक्या शब्दांत विचारता येणे.

आता चित्रपटाविषयी. शॉन मॅक्‌नमारा यांचे दिग्दर्शन रंजक आहे, जॉर्ज लोपेझ यांनी शिक्षकाची भूमिका मनापासून केली आहे. पण ‘शिक्षकाची’ हा एकवचनी शब्दच माझी तक्रार आहे. लाजवर्दी आणि कॅमेरॉन या दोघांना वितळवून चित्रपटाने फ्रेडी कॅमेरॉन नावाचा एकच शिक्षक ओतला. सोयीसाठी असे करावे लागते हे मी जाणतो. तरी त्यामुळे सत्य बिघडते. एकाने चमत्कार केला असे दिसते, आणि चमत्कार दुसऱ्या शाळेत नेता येत नाही. शाळा सुटल्यावर थांबणारे दोन साधे शिक्षक मात्र कोणत्याही गावात सापडू शकतात.

पुस्तकालाही दोष आहे. एम. आय. टी.शी तुलना लेखक इतक्या हौसेने रंगवितो की त्या विद्यार्थ्यांनीही रात्री जागून यंत्र केले असेल, हे वाचक विसरतो.

पण चित्रपट टाळ्यांपाशी जवळजवळ संपतो, आणि पुस्तक तेथून पुढे चालू लागते, हा त्याचा मोठेपणा. 2006 साली अ‍ॅरिझोनातील मतदारांनी ‘प्रपोझिशन 300’ मंजूर केले, आणि परवाना नसलेल्यांना राज्यातील रहिवाशांची कमी फी बंद झाली. चौघांत सर्वांत बुद्धिमान मानला गेलेला क्रिस्टियन विद्यापीठ सोडून बाहेर पडला. लोरेन्झो आणि लुईस स्वयंपाकाच्या व्यवसायात गेले. ऑस्करने 2009 मध्ये अभियांत्रिकीची पदवी घेतली, कायदा पाळावा म्हणून तो स्वतः मेक्सिकोस परतला, तेव्हा परत येण्यास दहा वर्षांची बंदी! एका सिनेटरच्या मध्यस्थीने 2010 मध्ये ती उठली. मग तो अमेरिकन सैन्यात भरती होऊन अफगाणिस्तानात लढला. कमी फीची सवलत मतदारांनी पुन्हा दिली ती 2022 मध्ये. तोवर क्रिस्टियनचे शिकण्याचे वय कोठल्या कोठे निघून गेले होते.

‘रोबो’ हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या ‘आर. यू. आर.’ (1920) या नाटकातून जगभर गेला, आणि चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे वेठ. माणसाची वेठ यंत्राने करावी म्हणून यंत्रमानव कल्पिला. येथे यंत्र करणाऱ्या मुलालाच शेवटी पडेल ते काम पत्करावे लागले. डेव्हिस हे आवाज न चढविता सांगतात, म्हणून ते अधिक बोचते.

आपल्याकडे या विद्येची हौस वाढते आहे. 2008 साली पुण्यात आशिया-पॅसिफिक देशांच्या महाविद्यालयांची रोबोकॉन स्पर्धा झाली, तेव्हा खेळ आपल्या दहीहंडीवर बेतलेला होता. 2016 पासून अटल टिंकरिंग लॅबच्या योजनेत निवडलेल्या शाळांना सहावी ते बारावीच्या मुलांसाठी 20 लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. ही गोष्ट चांगलीच आहे. परंतु साहित्याची खोली आली म्हणजे सारे आले असे नव्हे. कपाटाची किल्ली कोणाजवळ आहे, मुलांना हात लावू देतात की पाहुण्यांपुढे दाखविण्यापुरते उघडतात, आणि बक्षीस घेऊन आलेल्या मजुराच्या मुलीची पुढची फी कोण भरणार, हे प्रश्न उरतातच.

तेव्हा पालकांना माझे सांगणे असे. पुस्तक मुलांना अवश्य द्या, चित्रपटही दाखवा. पण आधी पुस्तकाचा शेवटचा भाग स्वतः वाचा. पहिला भाग मुलांनी काय करावे ते सांगतो, शेवटचा भाग मोठ्यांनी.