ट्रँझिस्टर विवर्धकातील लाभ व स्थैर्य

संकेत नसताना ट्रँझिस्टरातून वाहणारा एकदिश प्रवाह निश्चित करण्याच्या योजनेस अभिनती म्हणतात. विवर्धकाचे गुणदोष प्रथम तिच्यावरून पारखावे लागतात.

आधारास एकाच रोधकातून प्रवाह देणारी ‘स्थिर अभिनती’ स्वस्त असली, तरी नावापुरतीच स्थिर होय. तिच्यातील संग्राहक-प्रवाह ट्रँझिस्टराच्या प्रवाह-लाभांकावर अवलंबून असतो व बीसी ५४७ या प्रकारात हा लाभांक नगागणिक ११० ते ८०० असू शकतो. १२ व्होल्ट पुरवठा, ४.७ किलोओहम संग्राहक-रोधक व २०० लाभांक धरून १ मिलिअँपिअर प्रवाह योजल्यास, ६०० लाभांकाचा नग बसविताच मंडल संतृप्त होते.

विभाजक-अभिनतीत १ किलोओहम उत्सर्जक-रोधक प्रवाहवाढीला स्वतःच आवर घालतो. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळसारख्या ठिकाणी उन्हाळ्यात तापमान ४०° से. ओलांडते. ३०° से. वाढीने आधार-उत्सर्जक दाब सु. ६० मिलिव्होल्टने घटतो. तरीही येथे प्रवाह सु. ६ टक्केच वाढतो.

मात्र या स्थैर्याची किंमत लाभात मोजावी लागते : तो ४.७ पटींहून कमीच राहतो. उत्सर्जक-रोधकास धारित्राने पूर्ण बगल दिल्यास भाराविना लाभ सु. १८० होतो, पण तो प्रवाह व तापमान यांनुसार बदलतो. त्यातील २२० ओहम भाग बगलेबाहेर ठेवल्यास लाभ सु. १९ पट मिळतो व मुख्यतः रोधकांवरच ठरतो. निवडक नगावर मिळालेला मोठा लाभ हे उत्तम आराखड्याचे लक्षण नव्हे. नग बदलूनही भर उन्हाळ्यात टिकणारा मध्यम लाभ अधिक श्रेष्ठ होय.