घरी आणि घरात

गेल्या सुट्टीत आमची नात इंग्रजीचा गृहपाठ घेऊन माझ्यापुढे बसली. ‘होम’ या शब्दाला पाच समानार्थी शब्द द्या आणि ते वाक्यांत वापरा, असा प्रश्न होता. हाउस, रेसिडेन्स, ड्वेलिंग, अबोड, डोमिसाइल हे पाच शब्द तिने दोन मिनिटांत उतरवले. अडली ती पुढे. ‘आय वाँट टु गो होम’ हे तिने नमुन्याचे वाक्य धरले होते. त्यात एकेक शब्द बसवून पाहता पाहता ती ‘आय वाँट टु गो डोमिसाइल’पाशी आली आणि खुदकन हसली. म्हणाली, “आजोबा, डोमिसाइल तर दाखल्यावर असतं. तिथे कसं जायचं?”

पोरीला हसू आले खरे. पण ज्या जागी ती अडली तिथे भलेभले भाषांतरकार अडलेले मी पाहिले आहेत.

समानार्थी शब्दांचे हे वेड इंग्रजीत जुनेच. पीटर मार्क रॉजे नावाच्या डॉक्टराने १८५२ साली आपला प्रसिद्ध शब्दसंग्रह छापला. शब्द अकारविल्हे न लावता त्याने अर्थाप्रमाणे सुमारे हजार मथळ्यांखाली लावले. त्याच्या पुढच्या एका आवृत्तीत ‘होम’ ज्या मथळ्याखाली आहे, तिथेच घरटे आहे, श्वापदाची गुहा आहे आणि चक्क आपला ‘जनाना’ही आहे! रॉजेचा यात काही दोष नाही. शेजारी बसवले म्हणजे एकच झाले, असा समज वाचकांनी करून घेतला. एका वाड्यात दहा बिऱ्हाडे नांदतात म्हणून ती सगळी एका घरची होत नाहीत.

‘हाउस’ आणि ‘होम’ यांतला फरक इंग्रज माणूस सांगतो तो असा: हाउस विटांचे, होम मायेचे. हे ऐकायला गोड आहे, पण मला पुरेसे वाटत नाही. खरा फरक त्या वाक्यातच आहे. हाउसकडे जायचे तर ‘टु’ लागतो. होमकडे जाताना कसलेच अव्यय लागत नाही. जुन्या इंग्रजीत नामांना विभक्तीचे प्रत्यय होते. ते झिजून गेले. पण ‘घराकडे’ या अर्थाचे द्वितीयेचे रूप या एका शब्दात टिकून राहिले. लॅटिनमध्येही तेच. इतर सामान्य नामांना अव्यय लागे, पण घराला ‘दोमुम’ म्हणजे घराकडे आणि ‘दोमी’ म्हणजे घरी, एवढे पुरे होई. रोजच्या ये-जा करण्याने जशी पायवाट बुजत नाही, तसे हे रूप बुजले नाही.

आता आपल्याकडे पाहू. “मराठीत ‘होम’ला शब्दच नाही, सगळ्याला ‘घर’,” अशी तक्रार इंग्रजी कादंबऱ्यांच्या भाषांतरांवर लिहिणारे अधूनमधून करतात. वरवर पाहता ती खरी वाटते. चष्म्याचे घर, सोंगटीचे घर, कुंडलीतले घर, सगळ्यांना एकच शब्द. पण तक्रार करणाऱ्यांनी नाम पाहिले, प्रत्यय पाहिला नाही. ‘तो घरात आहे’ आणि ‘तो घरी आहे’ ही दोन वाक्ये कोणते मराठी मूल एक मानील? घरात चोरही शिरतो. घरी मात्र आपले माणूसच येते, किंवा आपण बोलावलेला पाहुणा. हाउस आणि होम यांची वाटणी इंग्रजीने दोन नामांत केली, ती आपण ‘त’ आणि ‘ई’ या सप्तमीच्या दोन प्रत्ययांत केली.

आणि ही ‘ई’ बोलण्यात कुठे कुठे उरली आहे तेही पाहावे. शाळेत, कचेरीत, बाजारात, इस्पितळात. पण घरी, गावी, माहेरी, सासरी, आजोळी. ‘ठिकाणी’सारखे काही शब्द या पंगतीत उपरे बसले आहेत, हे कबूल. तरी पंगत एकंदर घरचीच आहे. यांतल्या माहेरी आणि सासरी या दोन शब्दांपुढे तर इंग्रजी ‘होम’ अगदीच तोकडा पडतो. भाऊबिजेला आलेल्या लेकीला ‘घरी कधी जाणार?’ म्हणून विचारले की ती क्षणभर घुटमळते. ते घुटमळणे एका ‘होम’मध्ये कसे मावावे?

हा सगळा व्याकरणाचाच खेळ असता तर दिवाळी अंकाची पाने मी अडवली नसती. पण याच फटीत माणसे सापडली आहेत. हिंदुस्थानातले इंग्रज ‘होम’ म्हणत ते इंग्लंडला. यूल आणि बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ सालच्या कोशात या अर्थाची नोंदच आहे. रडयार्ड किपलिंग १८६५ साली मुंबईत जन्मला. वडील जे. जे. कलाशाळेत शिकवीत आणि पोर आयाबरोबर एतद्देशीय भाषा बोले. १८७१ साली, वयाच्या सहाव्या वर्षात, धाकट्या बहिणीसह त्याला ‘होम’ पाठवले गेले. साउथसी गावी परक्या माणसांकडे दोन्ही मुलांना ठेवून आईबाप परतले. मुलांना नीट सांगितलेसुद्धा नाही. तिथे त्याने जवळजवळ सहा वर्षे काढली आणि पुढे आत्मचरित्रात त्या जागेला नाव दिले ते उजाडपणाचे ‘हाउस’! ज्याला सारे होम म्हणत होते त्याला हाउस म्हणायला एका मुलाला काय सोसावे लागले असेल, ते शब्दसंग्रहात सापडायचे नाही.

दुसरे उदाहरण इब्सेनचे. १८७९ साली त्याने नाटकाला जे नाव दिले, त्यात नॉर्वेजियन ‘येम’ म्हणजे होम आहे: बाहुलीचे होम. खेळण्यातल्या घराला त्या भाषेत निराळे शब्द असताना त्याने हा योजला. इंग्रजीत रूढ झाले ते ‘अ डॉल्स हाउस’, म्हणजे नेमके खेळणे. जिथे नोराला सुखी समजतात त्या ‘होम’ला लागणारा डंख तिथे बोथट झाला. अनंत काणेकरांनी मराठी रूपांतराला ‘घरकुल’ म्हटले. बाहुली गेली, पण घर परत आले, आणि त्या ‘कुल’मध्ये नवराबायकोच्या भातुकलीची गोडीही आली. मला हे नाव इंग्रजीपेक्षा मूळाच्या जवळचे वाटते. (आज घरकुल म्हटले की ग्रामपंचायतीची यादी डोळ्यांपुढे येते, हा काणेकरांचा अपराध नव्हे.)

शेवटच्या अंकात नोरा नवऱ्याला सांगते, की उद्या आपण होमकडे जाणार. आणि लगेच स्वतःला सावरून म्हणते, म्हणजे आपल्या जुन्या गावाकडे. ज्या घरात ती उभी आहे त्यावरून तो शब्द तिने तेवढ्यात उचलून घेतला आहे. मराठी भाषांतरकाराच्या हाताशी इथे ‘माहेरी’ आयता आहे, आणि तोच टाळायला हवा. तिचे वडील वारले आहेत. तिकडे वाट पाहणारे कोणी नाही. तिने आधी ‘घरी’ म्हणावे, थांबावे, आणि मग ‘गावी’ म्हणावे.