पांढरीवरची सहल : भोकरदन, पॉम्पेई आणि वाटाड्याची भाषा

भूमध्य समुद्रातल्या सिसिली बेटावर, पियात्सा आर्मेरिना या गावाजवळ, इसवी सनाच्या चौथ्या शतकातला एक रोमन वाडा आहे. १९९७ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. वाड्याच्या जमिनी रंगीत दगडांच्या बारीक तुकड्यांनी चितारलेल्या आहेत. एका लांबलचक पडवीत शिकारीचे भव्य चित्र आहे आणि त्याच्या एका टोकाला एक स्त्री बसली आहे. तिच्या हातात हस्तिदंत, एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला वाघ. काही अभ्यासक तिला मूर्तिमंत भारत मानतात, तर काही आफ्रिका. आपल्याकडचा गट समोर उभा असला, की ‘ही इंडिया बरं का’ म्हणून टाळ्या घेण्याचा मोह कोणत्याही वाटाड्याला होईल. अभ्यासकांचा मतभेद सांगायला दोन मिनिटे जास्त लागतात आणि त्याला टाळ्या पडत नाहीत.

प्राचीन अवशेष दाखवणाऱ्या मार्गदर्शित सहली आता मराठी मध्यमवर्गाच्याही आवाक्यात आल्या आहेत. त्यांच्यावर आपण टीका करतो ती जेवणाची, बसची, घाईची. त्या सहली इतिहास कसा सांगतात, याची समीक्षा मात्र होत नाही. ती करण्यासाठी मला सिसिलीला जाण्याची गरज वाटत नाही. माझ्या जालना जिल्ह्यातले भोकरदन त्यासाठी पुरेसे आहे.

भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. पुराणांतल्या दक्षिणेकडील लोकांच्या यादीत हे नाव येते. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या लेखांत भोगवर्धनचे रहिवासी आहेत. पैठणहून अजिंठ्याच्या घाटाने उज्जैनकडे जाणाऱ्या व्यापारी वाटेवरचे हे गाव. १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून इथे उत्खनन केले. तेव्हा भोकरदन औरंगाबाद जिल्ह्यात होते. जालना जिल्हा झाला तो १९८१ मध्ये. शां. भा. देव आणि आर. एस. गुप्ते यांनी लिहिलेला उत्खननाचा अहवाल १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. सातवाहन काळातल्या या वस्तीतून मणी, बांगड्या, नाणी, भाजक्या मातीच्या मूर्ती, जळक्या धान्याचे दाणे मिळाले. आणि हस्तिदंताची एक स्त्रीमूर्तीही मिळाली. ती अखंड नाही. पण तिच्यामुळेच भोकरदनचे नाव जगाच्या पुरातत्त्वात पोचले.

कारण तिच्यासारखीच एक मूर्ती १९३८ मध्ये इटलीतल्या पॉम्पेई शहरात सापडली होती. वीतभर उंचीची, दागिन्यांनी मढलेली, दोन्ही बाजूंना छोट्या दासी असलेली. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात पॉम्पेई गाडले गेले, म्हणजे त्याआधी ही मूर्ती भारतातून तिथे पोचली होती. सातवाहनांच्या दख्खनमधल्या वस्तूंच्या काळाबद्दल वाद घालणाऱ्यांना इतकी पक्की तारीख क्वचितच मिळते.

आता सहलींकडे येऊ. जालन्याहून राजूरच्या गणपतीवरून अजिंठ्याकडे निघालेल्या गाड्या भोकरदनमधून जातात आणि सहसा थांबत नाहीत. कुणी चौकस माणूस फार तर नदीकाठचे खडकात कोरलेले छोटे वैष्णव लेणे पाहतो; तालुक्यातल्याच अन्व्याचे यादवकालीन मंदिर पाहणारा त्याहून चौकस. पण ज्या वस्तीमुळे हे सगळे, ती कुणी पाहत नाही. ‘पाहायला आहे काय?’ हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे, की तो सहलीच्या धंद्याचा पाया आहे असे मला वाटू लागले आहे. सहल उभे असलेले दाखवते. उभा राहतो तो दगड. दगडात कोरायला राजा, सावकार किंवा संघ लागतो. विटा-मातीच्या घरात राहणारे, मणी ओवणारे, बांगड्या कापणारे लोक उभे राहत नाहीत. त्यांची माती होते. त्यामुळे सहलीतून घरी येताना आपण प्राचीन काळ म्हणजे लेणी आणि देवळे एवढाच समज घेऊन येतो. अजिंठ्याच्या डोंगरात दान कुठून आले, हे सांगणारी गावे खिडकीबाहेरून मागे गेलेली असतात.

वास्तविक मराठीत या अवशेषांना जुना शब्द आहे : पांढरी. शेत ती काळी आणि वस्ती ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्या राख, शेण, भिंतींची माती साचून वस्तीची जमीन फिकट होते. मराठवाड्यात धाब्याच्या घरांवर घालायला हीच पांढरी माती आणत आणि शेतात खत म्हणून टाकत. ज्याला पुरातत्त्वज्ञ वसाहतीचे थर म्हणतात, ते गावाला ठाऊक होते; फक्त ते ‘पाहायचे’ असते हे ठाऊक नव्हते.

दुसरी अडचण नेमकी उलट आहे आणि ती आपल्या माणसांची आहे. भोकरदनचा अभिमान बाळगणारे एका दमात सांगतात, ‘पॉम्पेईची लक्ष्मी आमच्या गावात घडली.’ हे वाक्य मला आवडते. मात्र ते जसेच्या तसे मान्य करता येत नाही. एक तर ती लक्ष्मी असण्याबद्दल शंका आहे. गजलक्ष्मीची ओळख म्हणजे कमळ आणि हत्ती; इथे आहेत प्रसाधनाचे साहित्य धरलेल्या दासी. म्हणून बरेच अभ्यासक तिला यक्षी म्हणतात. मूर्तीला वरून भोक पाडलेले आहे, म्हणजे ती आरशाची मूठ किंवा एखाद्या चौरंगाचा पाय असावी.

दुसरे, ती भोकरदनला घडली असावी हे मत म. के. ढवळीकरांसारख्या जाणत्या संशोधकाचे आहे आणि त्याला आधार आहे तो इथल्या मूर्तीशी असलेल्या साम्याचा. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरलाही हस्तिदंताची स्त्रीमूर्ती मिळाली असल्याने दख्खनचे पारडे जड होते. पण पॉम्पेईच्या मूर्तीच्या तळाशी कोरलेले अक्षर खरोष्ठी लिपीतले आहे. खरोष्ठी ही वायव्येकडची, गांधाराची लिपी. आपल्या भागात ब्राह्मी चालत होती. शिवाय अफगाणिस्तानातल्या बेग्राममध्ये हस्तिदंती कोरीवकामाचा मोठा साठा मिळाला आहे. सांचीच्या दक्षिण तोरणावरचे कोरीवकाम विदिशेच्या दंतकारांनी केल्याचा लेख तिथेच आहे. म्हणजे दंतकारांची गावे एकाहून अधिक होती आणि ती वाटांनी जोडलेली होती. मूर्ती इथे घडून अक्षर वाटेत पडले असेल, किंवा कारागीर फिरते असतील, किंवा एकच घडण दोन ठिकाणी चालत असेल. या तिन्ही शक्यता भोकरदनला लहान करत नाहीत. ‘आमचीच’ म्हणून वाद मिटवला, की मात्र या वाटांचा विचारच थांबतो. न थांबणारी बस आणि छाती फुगवणारा वक्ता, दोघेही श्रोत्याला पुरावा दाखवत नाहीत.

उद्‌ध्वस्त जागा पाहणाऱ्यासाठी पूर्ण करून देण्याची हौस जुनी आहे. क्रीट बेटावर आर्थर इव्हान्स यांनी १९०० मध्ये नोसॉसचे उत्खनन सुरू केले आणि पुढे राजवाड्याचे काही भाग सिमेंट-काँक्रीटने उभे केले. आज पर्यटक ज्या लाल खांबांचे फोटो काढतात, ते विसाव्या शतकातले आहेत. इव्हान्स यांनी निदान काँक्रीट वापरले. वापरले आहे हे दिसते तरी. शब्दांनी केलेली भर दिसत नाही.

मग या सगळ्याला उतारा काय? माझ्या मते तो १९७४ च्या अहवालातच आहे, पण अहवालावरही टीका केली पाहिजे. कोणत्या खड्ड्यात, कोणत्या थरात काय मिळाले, हे तो सांगतो; म्हणून त्याच्याशी वाद घालता येतो. हा त्याचा मोठा गुण. मात्र त्या काळच्या अहवालांच्या रिवाजाप्रमाणे वस्तूंची विभागणी प्रकारानुसार होते. मणी एका प्रकरणात, बांगड्या दुसऱ्यात, धान्य शेवटी. ज्या घरात हे सगळे एकत्र नांदले ते घर वाचकाला स्वतः जुळवावे लागते. शिवाय तो इंग्रजीत आहे. ज्यांच्या अंगणाखालचा हा इतिहास, त्यांना तो वाचता येत नाही. विद्यापीठीय शिक्षण नसलेल्या मला तो शब्दकोश घेऊन वाचायला एक पावसाळा लागला. तेवढा वेळ प्रत्येकाने काढावा, अशी अपेक्षा मी करत नाही.

भोकरदनची सहल अशी असावी असे मला वाटते. केळना नदीच्या काठावरून गावाची उंची पाहावी आणि ती उंची कशाची, ते सांगावे. अहवालातली थरांची आकृती मोठी करून हातात द्यावी. जमिनीवर खापर दिसले तर दाखवावे, उचलू देऊ नये. थरातून सुटलेले खापर म्हणजे पत्ता फाटलेले पाकीट. दोन मूर्तींची चित्रे शेजारी ठेवून साम्य आणि फरक मुलांकडूनच काढून घ्यावेत. खरोष्ठी अक्षर शेवटी दाखवावे आणि उत्तर न देता थोडे थांबावे. परतताना तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयाची वेगळी सहल ठरवावी, म्हणजे तुलना पुरी होईल.

याला खर्च जवळजवळ नाही. अहवालाचा शंभरेक पानांचा मराठी सार आणि तो समजून सांगणारी चार माणसे एवढे पुरे. घाई मात्र आहे. पांढरीवर आजही गाव राहते आणि ते वाढते आहे. घराचा नवा पाया खोदला जातो तेव्हा दोन हजार वर्षे टोपलीतून बाहेर येतात आणि दुसऱ्या दिवशी भराव म्हणून कुठेतरी पडतात. लोकांना घरे बांधू नका असे सांगण्याचा अधिकार मला नाही. पण खड्ड्याच्या भिंतीवर राखेचा काळा पट्टा दिसला, तर बांधकामावरच्या गवंड्याने ‘जरा थांबा, कुणाला तरी दाखवू’ म्हणावे, इतपत ओळख गावाला करून देता येईल. सहलींनी हे काम केले, तर त्यांना मी इतिहासाच्या सहली म्हणेन.