यशोदेला ठाऊक असते तर?

देवकी-यशोदेची कथा आपण सारेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण तिच्यातील एक मर्म मला परवा एका परदेशी कादंबरीने दाखवले. मुलांची अदलाबदल झाली तेव्हा यशोदा निजलेली होती. तिचे वात्सल्य निष्कलंक राहिले ते त्या झोपेमुळे! तिला ठाऊक असते तर?

एम. एल. स्टेडमन या ऑस्ट्रेलियन लेखिकेची 'द लाइट बिटवीन ओशन्स' ही पहिलीच कादंबरी. प्रसिद्ध झाली २०१२ साली. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यापासून दूर, दोन महासागर मिळतात तिथे जानस नावाचे एक कल्पित बेट आहे. पहिल्या महायुद्धातून परतलेला टॉम तिथल्या दीपगृहाचा रखवालदार, आणि इझाबेल त्याची बायको. सामानाची बोट तीन महिन्यांनी येणार. एरवी माणसाचे दर्शन नाही. तीनदा कूस रिती झालेल्या या बाईपुढे १९२६ साली लाटा एक होडी आणून टाकतात. होडीत एक मृत पुरुष आणि एक जिवंत तान्ही मुलगी!

दीपगृहाच्या वहीत सगळे खरे लिहायचे, हा टॉमचा धर्म. त्या दिवशी तो ही नोंद करीत नाही. मी शाळामास्तर आहे. एका बाईच्या डोळ्यांतले पाणी पाहून मीही एकदा रजिस्टरात आईच्या नावापुढे तिचेच नाव लिहिले होते; मूल तिच्या मयत बहिणीचे होते. म्हणून टॉमला दोष देताना माझी जीभ अडखळते.

मुलीची आई बुडाली असेल, अशी इझाबेल मनाची समजूत घालते. पण दोन वर्षांनी किनाऱ्यावरच्या गावी गेल्यावर कळते, की ती आई, हॅना, जिवंत आहे आणि झुरते आहे. त्या क्षणापासून इझाबेल यशोदा राहत नाही. टॉम हॅनाला निनावी चिठ्ठी लिहितो, आणि संसाराला तडा जातो.

लेखिकेने हॅनाला उशिरा पुढे आणले आहे, यातच तिचे कौशल्य आहे. तोवर त्या गुपितात आपणही सामील झालेले असतो! खलपुरुष कोणीच नाही. तिघांचीही बाजू खरी वाटते. एक गोष्ट मात्र खटकली. प्रसंगाने जे सांगून झाले, तेच लेखिका पुन्हा शब्दांनी सांगते. उत्तरार्धात तर वाचकाचे डोळे ओलावल्याशिवाय तिला चैनच पडत नाही.

तरीही एक प्रसंग मनातून जात नाही. जन्मदात्या आईच्या घरी आणलेली ती चिमुरडी एके दिवशी एकटीच निघते. आपले दीपगृह शोधायला. नोंदवही, कायदा, रक्ताचे नाते, यांतले तिला काहीच ठाऊक नसते. हे वाचले आणि मला माझ्या रजिस्टरातली ती ओळ आठवली. मी खोटे लिहिले होते की खरे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.