दोष कधी गुण होतो? जुन्या लेन्सेस आणि आजचं छायाचित्र



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्यांचा फोन आला. म्हणाले, "सर, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता लेन्सवर बोलणार?" मी म्हटलं, स्पिनोझा तर लेन्सची काच घासून पोट भरत होता. मी नुसता बोलतोय. (हशा)

सुरुवात घरातल्याच एका फोटोपासून करतो. माझ्या नातवाला फोटोग्राफीचा नाद आहे. गेल्या हिवाळ्यात त्याने चोरबाजारातून एक जुना रशियन झेनिट कॅमेरा आणला. कॅमेरा बंदच होता, पण त्याला कॅमेरा नकोच होता. त्याला हवी होती त्यावरची लेन्स, हेलिओस-४४. ती त्याने आपल्या नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर चढवली, अंगणातल्या आंब्याखाली आजीला बसवलं आणि फोटो काढला. पानांतून झिरपणारं ऊन तिच्यामागे गोल गोल फिरतंय, जणू ती एखाद्या भोवऱ्याच्या मधोमध बसली आहे. फोटो घरच्या ग्रुपवर गेला. "भोवरा काय मस्त आलाय!", "बॅकग्राउंड एक नंबर!" असे निरोप आले. आमच्या हिनं चष्मा पुसून बराच वेळ फोटो बघितला आणि मला म्हणाली, "अहो, सगळं छान आहे. पण यात मी कुठे आहे?"

मंडळी, मला हा कलासमीक्षेतला अस्सल प्रश्न वाटला. आज त्याचंच उत्तर शोधायचं आहे.

आधी हा भोवरा होतो कसा ते बघू. लेन्स पूर्ण उघडी असताना, फोकसच्या मागे असलेला प्रकाशाचा प्रत्येक ठिपका पसरून एक चकती होतो. चित्राच्या मध्यभागी ही चकती गोल असते. कडेला मात्र प्रकाश तिरपा येतो, लेन्सच्या नळीच्या पुढच्या आणि मागच्या कडा त्याचा काही भाग अडवतात, आणि चकती डोळ्याच्या आकाराची, लांबट होते. असे शेकडो लांबट डोळे मध्यबिंदूभोवती रांगेने उभे राहिले, की आपल्याला फिरल्याचा भास होतो. हेलिओसची रचना जर्मनीतल्या कार्ल झाइसच्या बायोटार या लेन्सवरून घेतलेली. नाभीय अंतर ५८ मिलिमीटर आणि छिद्र एफ/२. तिच्यात हे फार होतं. काही हौशी मंडळी तिच्या पुढची कडी सोडवतात, पहिलं भिंग उलटं करून बसवतात आणि पुन्हा कडी आवळतात. मग मधला भाग बऱ्यापैकी टिकतो आणि कडा पार वितळून जातात. गोर्लिट्झच्या मायर कंपनीची ट्रायोप्लान ही दुसरी एक लाडकी लेन्स. तिच्यात तीनच भिंगं. गोलीय विपथनामुळे तिच्या चकत्यांची कड उजळते आणि मागे साबणाचे फुगे तरंगत असल्यासारखं दिसतं.

आता हे सगळं आजच का फोफावलं? त्याचं एक कारण अगदी साधं आहे. लेन्स आणि फिल्म यांच्यात ठरावीक अंतर लागतं. झेनिटच्या स्क्रूच्या लेन्सना ते ४५.४६ मिलिमीटर लागतं. नव्या आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत, उदाहरणार्थ सोनीच्या, ते १८ मिलिमीटर असतं. म्हणजे मधे एक रिकामी नळी घातली की काम झालं. त्या रिकाम्या नळीमुळे जगभरची अडगळ पुन्हा कामाला लागली. शिवाय फोटो काढण्याआधीच परिणाम पडद्यावर दिसतो. पूर्वी जो अपघात होता तो आता निवडता येतो, आणि जिथे निवड आली तिथे जबाबदारीही आली.

या निवडीला नाव काय द्यायचं? शास्त्राच्या दृष्टीनं हे सगळे दोष आहेत. पण दोष म्हणजे काय, यावर आपल्याकडे काव्यशास्त्रात फार बारकाईनं विचार झालेला आहे. नवव्या शतकात काश्मिरात आनंदवर्धनानं 'ध्वन्यालोका'त एक महत्त्वाचा मुद्दा मांडला. काही दोष अनित्य असतात. कानाला टोचणारी अक्षरं शृंगारात दोष ठरतात, तर रौद्र रसात तीच अक्षरं शोभतात. पुढे मम्मटानंही हा विचार मांडला. अक्षरं तीच, बदलतो तो रस. म्हणजे दोष हा वस्तूला चिकटलेला डाग नाही. तो एक संबंध आहे.

मला वाटतं, लेन्सच्या या खोडींकडे अनित्य दोष म्हणून पाहावं. भोवरा सुंदरही नाही आणि कुरूपही नाही. चित्र कशाबद्दल आहे हे कळल्याशिवाय त्याला गुण-दोष काहीच म्हणता येत नाही. आणि आजची अडचण अशी, की लोक भोवऱ्यालाच रस समजू लागलेत.

इतिहास बघा. १८३९ साली दागेरचा शोध जाहीर झाला, पण त्या वेळच्या लेन्सेस इतक्या मंद की माणसाला कित्येक मिनिटं पुतळ्यासारखं बसावं लागे. व्हिएन्ना विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक योझेफ पेत्झवाल यांनी १८४० साली नवी लेन्स गणितानं रचली. आकडेमोडीला त्यांच्या दिमतीला तोफखान्यातले सैनिक दिले होते! फोइग्टलेंडर कंपनीनं ती लेन्स बनवली, आणि माणसाचं चित्र मिनिटाच्या आत निघू लागलं. मध्य लख्ख, कडा ढिल्या. पेत्झवाल भोवऱ्याच्या शोधात नव्हते. त्यांना वेळ कमी करायचा होता, समोरच्या माणसाची मान आखडण्याआधी त्याचा चेहरा पकडायचा होता. आणि स्टुडिओत मागे साधा पडदा असेल तर भोवरा दिसायला तिथे काही उरतच नाही. पुढे २०१३ साली लोमोग्राफी कंपनीनं पेत्झवालच्या नावाची पितळी लेन्स पुन्हा काढली. इंटरनेटवरच्या लोकवर्गणीतून दहा लाख डॉलरहून जास्त रक्कम जमली. ज्या कडा पेत्झवालच्या लेखी तडजोड होत्या, त्याच आता विक्रीचा माल झाल्या. यात पाप काही नाही. पण मूळ तडजोड चेहऱ्यासाठी होती, हे विसरून चालणार नाही.

आता तीन उदाहरणं घेऊ.

पहिलं ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांचं. जन्म कलकत्त्याचा, १८१५ चा. वयाच्या ४८ व्या वर्षी मुलीनं आणि जावयानं कॅमेरा भेट दिला, तेव्हा बाईंनी कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ केला. छायाचित्रणाच्या मंडळींनी त्यांना हिणवलं, की या बाईंना फोकस जमत नाही. १८६७ सालचं सर जॉन हर्शल यांचं चित्र जरूर बघा. हर्शल मोठे खगोलशास्त्रज्ञ, आणि फोटो टिकवणारं हायपोही त्यांनीच सुचवलेलं. चित्रात काळोखातून एक म्हातारा चेहरा पुढे येतो. विस्कटलेल्या पांढऱ्या केसांच्या कडा अंधारात विरघळतात. डोळे आणि कपाळ तेवढं आपल्याला धरून ठेवतं. इथे धूसरपणा चेहरा झाकत नाही, चेहऱ्याशिवाय बाकीचं बाजूला सारतो. हे चित्र बघताना कोणती लेन्स वापरली, हा प्रश्न मनात येत नाही. मनात येतं की हा माणूस आयुष्यभर अंधारात बघत आला आहे.

दुसरं उदाहरण चित्रपटाचं. २००७ च्या 'द असॅसिनेशन ऑफ जेसी जेम्स बाय द कॉवर्ड रॉबर्ट फोर्ड'साठी छायालेखक रॉजर डीकिन्स यांनी जुन्या वाइड अँगल लेन्समधली भिंगं अ‍ॅरी कंपनीच्या मॅक्रो लेन्सवर पुढे बसवून घेतली. कडा धूसर, त्यांवर रंगांची झालर, मध्य स्थिर. आता ती वापरली कुठे? निवेदक गोष्ट सांगतो, काळ सरकतो, अशा मोजक्या तुकड्यांत. जेसी जेम्स हा लोकांनी जुन्या फोटोंतून आणि दंतकथांतून पाहिलेला माणूस. आठवणीचा मधला भाग घट्ट असतो आणि कडा सुटत जातात. मग चित्रपट पुन्हा स्वच्छ प्रतिमेवर येतो आणि आपण दंतकथेतून माणसांत उतरतो. दोषाला अर्थ आला तो या जा-ये मुळे. तोच परिणाम पूर्ण चित्रपटभर असता, तर आपल्याला त्याची सवय झाली असती आणि अर्थ संपला असता.

तिसऱ्या उदाहरणाबद्दल माझं मन द्विधा आहे. योर्गोस लँथिमोस यांचा २०२३ चा 'पुअर थिंग्ज'. छायालेखक रॉबी रायन यांनी पेत्झवाल पद्धतीच्या लेन्सेस वापरल्या, शिवाय अतिवाइड लेन्समुळे काही दृश्यं काळ्या वर्तुळात, भोकातून बघितल्यासारखी दिसतात. नायिका बेला जग पहिल्यांदाच बघते आहे. तिच्यामागे जग वितळतं, फिरतं, हे पटतं. तिथे भोवरा अद्भुत रसाचा आहे. पण ते वर्तुळ पुन्हा पुन्हा येऊ लागलं, तेव्हा मला बेलापेक्षा छायालेखकच जास्त दिसायला लागला. तुमचं मत वेगळं असू शकेल. पण निकष हाच लावून बघा.

कोणी म्हणेल, मग सरळ स्वच्छ लेन्सच वापरावी. १९३२ साली अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन वगैरे मंडळींनी 'ग्रुप एफ/६४' काढला, तो असाच धूसर, 'कलात्मक' छायाचित्रांना कंटाळून. त्यांची चित्रं थोर आहेत. पण पायाजवळच्या दगडापासून क्षितिजावरच्या डोंगरापर्यंत सगळं एकाच वेळी लख्ख, असं आपला डोळा कुठे बघतो? तोही परिणामच आहे. स्वच्छपणासुद्धा अलंकार होऊ शकतो.

आणि दुसरे कोणी म्हणतील, मोबाइल हल्ली मागचं सगळं गणितानं धूसर करतो, मग जुन्या काचेचा खटाटोप कशाला? मी काचेला देव मानत नाही. फरक एवढाच, की काचेतला दोष वस्तूशी बांधलेला असतो. आजी एक हात पुढे सरकली, ऊन कललं, पान हललं, की तो बदलतो. तुम्हाला समोरच्या जगाशी वाटाघाट करावी लागते. मोबाइलमध्ये परिणाम आधी ठरतो आणि जग नंतर त्यात बसवलं जातं. पण हेलिओसवालाही प्रत्येक फोटोत तोच भोवरा काढत असेल, तर तोही तेच करतोय. मग काच खरी असून उपयोग काय?

आता थोडं स्वतःबद्दल. मोतीबिंदूचं ऑपरेशन होण्याआधीची दिवाळी मला आठवते. प्रत्येक पणतीभोवती मला तेजोवलय दिसत होतं. खरं सांगतो, इतकी सुंदर दिवाळी मी पाहिली नव्हती. त्याच संध्याकाळी दारात एक जुना विद्यार्थी आला. तीन वर्षं माझ्यासमोर पहिल्या बाकावर बसलेला मुलगा. मी त्याला विचारलं, "कोण पाहिजे आपल्याला?" त्याचा आवाज ऐकल्यावर मी ओळखलं, पण तोवर तो ओशाळला होता. त्या दिवसापासून तेजोवलय सुंदर आहे एवढं म्हणून माझं भागत नाही. त्याची किंमत कोणी मोजली, हेही मी विचारतो. माझ्या डोळ्यातला दोष मी निवडला नव्हता. फोटो काढणारा निवडतो. म्हणून समोरचा माणूस ओळखू येतो ना, ही चौकशी त्यानं करायलाच हवी. ओळखू येणं म्हणजे नाक-डोळे स्पष्ट दिसणं नव्हे. हर्शल धूसर असूनही ओळखू येतात. आमची ही अंगणात स्पष्ट दिसूनही हरवली होती.

नातवाला मी हे सगळं सांगितलं नाही. आजोबांचं व्याख्यान घरी कोण ऐकतो! (हशा) आजीचं वाक्य तेवढं सांगितलं. तो काही बोलला नाही. पुढच्या रविवारी त्याने तीच लेन्स, तेच झाड घेतलं. पण छिद्र एफ/४ वर आणलं. छिद्र लहान केलं की नळीची अडवणूक कमी होते, चकत्या पुन्हा गोल होऊ लागतात. दुसरं म्हणजे त्याने तिला "बस" म्हटलं नाही. ती खालच्या कैऱ्या वेचत होती, शेजारणीशी बोलत होती, तो थांबला. फोटोत पानं अजून जराशी तिच्याकडे झुकलेली आहेत, तेवढी खोड लेन्सनं ठेवली आहे. पण आधी दिसतो तो तिचा वर उचललेला हात आणि अर्धवट राहिलेलं वाक्य. ग्रुपवर या फोटोला पहिल्याइतके निरोप आले नाहीत. एकाने मात्र विचारलं, "मावशी काय सांगताहेत एवढं?"

तर मंडळी, जुन्या लेन्सेस जरूर घ्या. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट डब्यात ठेवा, नाहीतर बुरशी स्वतःचे वेगळेच परिणाम काढील. भिंग उलटं करून बघा, खेळा. फक्त फोटो कोणाला दाखवाल तेव्हा त्याच्या तोंडून पहिलं वाक्य कशाबद्दल निघतं, ते कान देऊन ऐका.

आता प्रश्न असतील तर घेऊ.