पेल्यातील स्वभाव आणि पिणाऱ्याचा स्वभाव

मनुष्याच्या आवडीनिवडीवरून त्याचा स्वभाव ओळखावा, ही कल्पना फार जुनी आहे. व्हिस्कीच्या बाबतीत तिला जवळजवळ सिद्धान्ताचे रूप आलेले दिसते. आयला बेटावरील धुरकट व्हिस्की पसंत करणारा करारी व एकांतप्रिय, स्पेसाइडची मधुर व फलगंधी व्हिस्की घेणारा मनमिळाऊ, शेरीच्या पिंपात मुरलेली आवडणारा विलासी, अशी कोष्टके हौसेने मांडली जातात. या मताचा परामर्श घेताना एक प्रश्न आधी उपस्थित होतो. 'करारी', 'मनमिळाऊ' ही विशेषणे मुळात कोणाची? पिणाऱ्याची, की पेयाची?

याचे उत्तर व्हिस्कीविषयक वाङ्मयातच सापडते. जॉर्ज माल्कम टॉमसन यांनी 'एनियस मॅकडोनल्ड' या टोपणनावाने लिहिलेला 'व्हिस्की' हा ग्रंथ 1930 साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर 1935 साली कादंबरीकार नील गन यांचा 'व्हिस्की अँड स्कॉटलंड' हा ग्रंथ आला. गन हे इन्व्हर्नेस येथील ग्लेन मोर डिस्टिलरीवर अबकारी अधिकारी होते. त्यामुळे त्यांच्या लेखनात जाणकाराची सूक्ष्मता आहे. त्याचबरोबर स्वदेशाभिमानाचा आवेशही आहे. शुद्ध माल्ट व्हिस्कीला स्वतःचे व्यक्तिमत्त्व असते आणि मिश्रणात ते लोपते, हा त्यांचा आग्रह होय. मॅकडोनल्ड यांचा रोख निराळा आहे. चवीसाठी न पिता केवळ नशेसाठी पिणाऱ्यांवर ते कठोर टीका करतात. व्हिस्कीला वाइनच्या तोडीची प्रतिष्ठा मिळवून देण्यात या दोन्ही ग्रंथांचा वाटा आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु पेयाला व्यक्तिमत्त्व बहाल करणारी भाषा अशाच लेखनातून रूढ झाली, हेही तितकेच खरे.

वस्तुतः या 'व्यक्तिमत्त्वा'ची कारणे भौतिक आहेत. दलदलीत साठलेल्या वनस्पतींपासून बनलेले पीट नावाचे इंधन जाळून त्याच्या धुरावर मोड आलेले जव वाळवले, की धुरातील फिनॉल द्रव्ये दाण्यांत मुरतात आणि तोच वास पुढे पेल्यात उतरतो. धूर न दिल्यास तो वास येत नाही. आयलावरच्याच बुनाहावेन डिस्टिलरीत मुख्यतः बिनधुराची व्हिस्की तयार होते. म्हणजे बेटाच्या नावावरून चवही खात्रीने सांगता येत नाही, मग पिणाऱ्याचा स्वभाव कोठून सांगता येणार? आधी पेयावर मानवी गुणांचा आरोप करावयाचा आणि मग तेच गुण पेयातून काढून पिणाऱ्याच्या पदरी घालावयाचे, अशी ही युक्तिवादाची रीत आहे. अलंकारशास्त्राच्या दृष्टीने हा चेतनगुणोक्तीचा प्रकार झाला. अलंकार म्हणून तो सुंदर आहे, प्रमाण म्हणून निरुपयोगी.

याचा अर्थ चित्तवृत्ती आणि चव यांचा संबंधच नाही, असा नव्हे. संबंध आहे, पण त्याची दिशा निराळी आहे. 2013 साली ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पेन्स व त्यांचे सहकारी यांनी लंडनमध्ये एक प्रयोग केला. सुमारे 440 लोकांना एकच व्हिस्की तीन निरनिराळ्या दालनांत चाखावयास दिली. एका दालनात हिरवळीचे वातावरण होते, दुसऱ्यात माधुर्य सुचविणारे रंग व नाद होते, तिसऱ्यात लाकडाचा परिसर होता. पेला तोच असूनही पहिल्या दालनात गवताचा गंध अधिक भासला, दुसऱ्यात गोडी वाढली, तिसऱ्यात लाकडाची चव ठळक झाली. जी रुची दालनाबरोबर बदलते, ती स्थिर स्वभावाची साक्ष कशी देणार?

भरताच्या नाट्यशास्त्रातील रसविवेचन येथे उद्बोधक ठरते. नाना व्यंजनांनी संस्कारलेले अन्न सेवन करणाऱ्याच्या दृष्टान्ताने भरताने रसास्वाद समजावून दिला आहे. मात्र तेथे आस्वाद घेणारा 'सुमनस्', म्हणजे प्रसन्न चित्ताचा, अपेक्षिलेला आहे. चित्ताची अवस्था ही आस्वादाची पूर्वअट होय. आस्वादावरून चित्ताचे निदान करावे, असे भरत म्हणत नाही.

निदानाचा हा हव्यास निरुपद्रवी असता, तर त्याची एवढी चिकित्सा करण्याचे प्रयोजन नव्हते. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत 21 देशांतील सुमारे 30,000 तरुण मद्यपींना निरनिराळ्या मद्यांनी कोणत्या भावना जागतात, हे विचारण्यात आले. व्हिस्कीसारख्या कडक मद्यांचा संबंध सुमारे 30 टक्के लोकांनी आक्रमकतेशी जोडला, तर तांबड्या वाइनच्या बाबतीत हे प्रमाण तीन टक्क्यांहूनही कमी होते. परंतु मद्यार्क दोहोंत एकच असतो. भेद असतो तो पिण्याच्या वेगात, प्रमाणात, प्रसंगात आणि मनाशी आधीच बाळगलेल्या अपेक्षेत. हे भेद दृष्टीआड केले, की 'दोष त्याचा नव्हे, व्हिस्कीचा' असे म्हणण्यास वाट मोकळी होते. रसिकतेच्या भाषेतून जन्मलेली समजूत अशा रीतीने हिंसेची सबब बनते.

या ठिकाणी गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'चे स्मरण होणे स्वाभाविक आहे. गडकऱ्यांच्या निधनानंतर, 1919 साली, हे नाटक रंगभूमीवर आले. सुधाकर हा बुद्धिमान व मानी वकील आहे. सनद रद्द झाल्यामुळे त्याचा अभिमान दुखावलेला असतानाच तळीराम त्याच्यापुढे पेला धरतो. पेल्यात कोणते मद्य आहे, यावर नाटकातील काहीही अवलंबून नाही. शीर्षकातला भरही पेयाच्या जातीवर नसून 'एकच' या शब्दावर आहे, कारण मनुष्य स्वतःची फसवणूक त्याच शब्दाने करतो. मद्यप्यांच्या मंडळाकडे मद्याच्या समर्थनार्थ युक्तिवादांची वाण नाही, आणि त्या युक्तिवादांचे मोल सिंधूला व तिच्या बाळाला द्यावे लागते. नाटकात उपदेशाचा व अतिरंजिताचा अंश आहे, हा आक्षेप रास्त आहे. तथापि दुखावलेले मन पेल्याच्या आधी येते, हा कार्यकारणाचा क्रम गडकऱ्यांनी अचूक हेरला आहे.

व्हिस्कीची पसंती सवय, संगत, खिसा आणि त्या घटकेचे मन यांविषयी पुष्कळ काही सांगते. स्वभावाविषयी ती फारसे सांगत नाही. त्याचा प्रत्यय माणसाच्या वागण्यातूनच घ्यावा लागतो, आणि त्या वागण्याचा जबाब पेल्याकडे मागता येत नाही.