‘पूर्ण मिश्रणा’चे गृहीतक : भरती-ओहोटीच्या नदीतील सांडपाणी-प्रतिमानांची चिकित्सा

भरती-ओहोटीच्या प्रभावाखालील नदीत प्रक्रिया केलेले सांडपाणी सोडावयाचे झाल्यास त्याचा परिणाम गणिती प्रतिमानाच्या आधारे आगाऊ वर्तविण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. अशी अनेक प्रतिमाने एकमितीय असतात. नदीच्या प्रत्येक छेदात, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत व पृष्ठभागापासून तळापर्यंत, प्रदूषकाचे प्रमाण एकच आहे असे त्यांत मानले जाते. या ‘पूर्ण मिश्रणा’च्या गृहीतकाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हे गृहीतक सर्वस्वी त्याज्य आहे, असा येथे दावा नाही. ते कोणत्या प्रश्नासाठी वापरले जाते, यावर त्याची ग्राह्यता ठरते.

गृहीतकाचे मूळ स्ट्रीटर व फेल्प्स यांनी १९२५ मध्ये अमेरिकेतील ओहायो नदीच्या अभ्यासातून मांडलेल्या समीकरणात शोधता येते. सेंद्रिय द्रव्याच्या विघटनामुळे खर्च होणारा प्राणवायू आणि हवेतून पुन्हा मिसळणारा प्राणवायू यांचा हिशेब त्यात आहे. ओहायो एकाच दिशेने वाहते. एकदा पुढे गेलेले पाणी तेथे परत येत नाही. भरतीच्या पट्ट्यात मात्र तेच पाणी दिवसातून दोनदा सांडपाण्याच्या तोंडाशी परतते आणि प्रत्येक फेरीत नवा भार घेते.

लंडनने हा अनुभव मोठ्या किमतीने घेतला. जोसेफ बॅझलगेट यांच्या योजनेत १८६० च्या दशकात शहराचे सांडपाणी बेक्टन व क्रॉसनेस येथे साठवून, भरती ओसरू लागताच टेम्समध्ये सोडण्याची व्यवस्था झाली. ते प्रक्रियेविना सोडले जात असे. ओहोटी ते समुद्रात नेईल ही अपेक्षा होती. प्रत्यक्षात पुढील भरती त्याचा बराचसा भाग माघारी आणी आणि उन्हाळ्यात गोड्या पाण्याचा ओघ क्षीण झाला की तो आठवडेच्या आठवडे तेथेच येरझारा घाली. पुढे ब्रिटनच्या जलप्रदूषण संशोधन प्रयोगशाळेने टेम्सच्या भरतीपट्ट्याचा सविस्तर अभ्यास करून १९६४ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. त्यातील प्रतिमान एकमितीयच होते, आणि तरीही ते उपयुक्त ठरले. प्रश्न संपूर्ण भरतीपट्ट्यातील प्राणवायूच्या तुटीचा होता आणि पाण्याचा मुक्काम आठवड्यांत मोजण्याजोगा होता. इतक्या अवधीत आडवे मिश्रण बहुतांशी पुरे होते. दोन्ही प्रक्रिया केंद्रांचा विस्तार झाल्यानंतर नदी सुधारली. १९७४ मध्ये तेथे सामन मासा पुन्हा आढळला.

टेम्सचे हे यश अन्यत्र आधार म्हणून वापरले जाते तेव्हा प्रश्न बदललेला असतो, याकडे दुर्लक्ष होते. विसर्गस्थानाच्या खालच्या अंगाला, त्याच काठाने, पुढील दोन किलोमीटरांत काय घडेल, या प्रश्नाचे उत्तर छेदसरासरी देऊ शकत नाही. फिशर व सहकाऱ्यांनी १९७९ च्या ग्रंथात दिलेली अंदाजपद्धती येथे पडताळून पाहण्यासारखी आहे. समजा नदी २०० मीटर रुंद व ५ मीटर खोल असून तळाशी घर्षणवेग सेकंदाला ०.०५ मीटर आहे. नैसर्गिक पात्रासाठी आडवा मिश्रणगुणांक खोली व घर्षणवेग यांच्या गुणाकाराच्या सुमारे ०.६ पट धरला, तर तो सेकंदाला ०.१५ चौरस मीटर येतो. काठावरून सोडलेले सांडपाणी दुसऱ्या काठापर्यंत सारखे पसरण्यास लागणारा काळ हा रुंदीच्या वर्गाला या गुणांकाने भागून आलेल्या संख्येच्या ०.४ पट असतो, म्हणजे जवळजवळ ३० तास. भरतीचे एक चक्र १२ तास २५ मिनिटांचे. याचा अर्थ दोन चक्रांहून अधिक काळ सांडपाणी त्याच काठाला लगटून पुढे-मागे होत राहते. गुणांक निम्मा निघाला तर हा काळ दुप्पट होतो. शिवाय प्रक्रिया केलेले सांडपाणी खाऱ्या पाण्याहून हलके असल्याने वर तरंगते. खोलीची सरासरी तेवढीच फसवी ठरते. जाळे लावणारा किंवा ओहोटीला चिखलात उतरून शिंपल्या वेचणारी बाई सरासरीत नव्हे, काठावर उभी असते.

प्रतिमान ‘सिद्ध’ झाल्याचा निर्वाळा ज्या रीतीने दिला जातो, तीही तपासावयास हवी. मोजलेली व गणिलेली जलपातळी एकमेकींवर चपखल बसल्याचे आलेख अहवालांत अग्रभागी असतात. परंतु पातळी मिश्रणाला जवळजवळ असंवेदनशील असते. मिश्रणगुणांक दहापट बदलला तरी पातळीचा आलेख हलणार नाही. मिश्रण पडताळावयाचे तर क्षारतेच्या किंवा पाण्यात सोडलेल्या ऱ्होडामिन रंगाच्या नोंदी लागतात. त्या खर्चिक असतात, हे मान्य. पण त्यांच्या जागी पातळीचा आलेख ठेवणे हा पर्याय होऊ शकत नाही.

द्विमितीय प्रतिमान घेतले की प्रश्न मिटला, ही समजूतही तितकीच घाईची आहे. ५० मीटर बाजूच्या चौकटी व ५ मीटर खोली घेतल्यास एका चौकटीत १२,५०० घनमीटर पाणी मावते. दिवसाला १ कोटी लिटर सांडपाणी सोडले, तर तासाभरात सुमारे ४१७ घनमीटर त्या चौकटीत येते. प्रवाहाचा थेंबही न हलता ते संगणकातच तीसपट विरळ होते! हे विरलीकरण नदीने केलेले नसते.

कोकणातील वाशिष्ठीच्या संदर्भात या मर्यादा अधिक ठळक होतात. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीतील प्रक्रिया केलेले सांडपाणी दाभोळच्या खाडीत सोडले जाते आणि याच नदीत पोफळीच्या बाजूने कोयना जलविद्युत प्रकल्पाचे अवजल येते. कृष्णा पाणीतंटा लवादाने १९७६ मध्ये पश्चिमेकडे वळविण्यासाठी वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली होती. वर्षभराची सरासरी काढल्यास हा ओघ सेकंदाला सुमारे ६० घनमीटर भरतो. उन्हाळ्यात सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील नद्या आटतात. वाशिष्ठी त्याला अपवाद ठरते ती या पाण्यामुळे. मात्र वीजनिर्मिती मागणीनुसार चालते, आणि मागणी दिवसाच्या प्रहरांप्रमाणे बदलते.

खाडीच्या वरच्या भागात भरती पाणी घुसळते. ते समुद्राकडे नेण्याचे काम मुख्यत्वे गोड्या पाण्याचे असते. वरील १ कोटी लिटरांचे उदाहरण येथे लावून पाहिले, तर सेकंदाला ६० घनमीटर ओघात सांडपाण्याचे प्रमाण सुमारे एकास पाचशे येते. जनित्रे थांबून ओघ ३ घनमीटरांवर आला, असे समजल्यास तेच एकास सव्वीस होते. वार्षिक किंवा मासिक सरासरीचा ओघ सीमा-अट म्हणून घेणारे प्रतिमान या दोन स्थितींच्या मधली एक तिसरीच, प्रत्यक्षात क्वचित असणारी, स्थिती वर्तविते. उलट पावसाळ्यात गोडे पाणी वर व खारे तळाशी अशी विभागणी होते, आणि तेव्हा एकमितीय मांडणीचा पायाच ढळतो.

म्हणून अशा खाडीसाठी चाचणीची वेळ निवडणे हाच कळीचा निर्णय ठरतो. उधाणाच्या दिवशी, अवजलाचा ओघ जोरात असताना घेतलेली रंगचाचणी अनुकूल निष्कर्ष देईल यात नवल नाही. एप्रिल-मे महिन्यांत, भांगाच्या मंद भरतीत, वीजनिर्मिती थांबलेल्या काळात आणि विसर्गाच्या बाजूच्याच काठावर किमान पाच चक्रे, म्हणजे वर काढलेल्या ३० तासांच्या दुप्पट काळ, घेतलेल्या नोंदींशी प्रतिमान जुळते काय, हे अद्याप विचारावयाचे उरते.